एकाच प्रोग्रामच्या तीन खिडक्या उघडतात? या चुका टाळा

कापसाचा हंगाम. जिनिंगच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टरची रांग, आत जुना कॉम्प्युटर. ऑपरेटर आयकॉनवर डबल-क्लिक करतो. पंधरा सेकंद स्क्रीनवर काहीच दिसत नाही, म्हणून आणखी दोनदा करतो. प्रोग्राम तीनदा सुरू होतो. काट्याची केबल जिथे जोडलेली असते तो कॉम पोर्ट एका वेळी एकाच प्रोसेसला (प्रोग्रामच्या एका चालू प्रतीला) मिळतो आणि तो पहिलीने धरलेला असतो. समोर असते तिसरी खिडकी, वजन शून्य. मग केबल काढून-लावून बघायची. केबल बिचारी ठीकच असते.

उपाय प्रोग्राममध्येच हवा: सुरू होताना आपली दुसरी प्रत चालू आहे का हे त्याने तपासावं. पण खिडकीचं शीर्षक शोधून "आधीच चालू आहे का" हे ठरवू नका. त्या पंधरा सेकंदांत खिडकी तयारच झालेली नसते. प्रोसेसचं नाव मोजणं त्याहून वाईट: एकदम सुरू झालेल्या दोघी एकमेकींना बघून दोघीही बंद होतात.

लॉक फाइलचं, म्हणजे चालू असल्याची खूण म्हणून प्रोग्राम डिस्कवर ठेवतो त्या फाइलचं, दुखणं वेगळं. भारनियमनात लाइन गेली की फाइल डिस्कवर तशीच राहते. लाइन आल्यावर प्रोग्राम म्हणतो "आधीच चालू आहे", आणि चालू तर काहीच नसतं. फाइलमध्ये प्रोसेस आयडी लिहूनही भागत नाही. रीस्टार्टनंतर तोच आकडा दुसऱ्याच प्रोसेसला मिळू शकतो.

विंडोजवर नाव दिलेला म्युटेक्स, म्हणजे विंडोजने सांभाळलेलं एक कुलूप, वापरा. प्रोसेस कशीही मेली तरी विंडोज तो स्वतः सोडवतं. डेटाबेस जोडण्याआधी, स्प्लॅश स्क्रीनच्याही आधी, तो तयार करा आणि लगेच एरर कोड तपासा. १८३ आला तर प्रोग्राम आधीच चालू आहे. ५ आला तर दुसऱ्या युजरने किंवा अ‍ॅडमिन म्हणून सुरू केलेला असण्याची शक्यता जास्त. तेव्हाही पुढे जाऊ नका. दिवसपाळी-रात्रपाळीची वेगळी लॉगिन असतील तर म्युटेक्सच्या नावाआधी 'Global\' हवंच, नाहीतर प्रत्येक सेशनमध्ये एकेक प्रोग्राम उघडेल.

डॉटनेटमध्ये (मायक्रोसॉफ्टचं प्रोग्रामिंग व्यासपीठ) एक छुपा खड्डा आहे. म्युटेक्स मेन फंक्शनमधल्या साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवला, तर रिलीज बिल्डमध्ये (वापरायला द्यायच्या आवृत्तीत) गार्बेज कलेक्टर, म्हणजे न लागणारी मेमरी मोकळी करणारा भाग, तो मध्येच उचलू शकतो. डीबगमध्ये सगळं छान चालतं, म्हणून चूक सापडत नाही. स्टॅटिक फील्डमध्ये ठेवा.

दुसरी प्रोसेस गुपचूप बंद झाली तर ऑपरेटर क्लिक करतच राहणार. तिने बंद होण्याआधी जुनी खिडकी मिनिमाइझमधून उघडून समोर आणावी. हे काम पहिलीवर सोपवलं तर बहुतेक वेळा टास्कबारवरचं बटण नुसतं लुकलुकतं, कारण मागच्या प्रोसेसला विंडोज पुढे येऊ देत नाही. खिडकी दुसऱ्या लॉगिनमध्ये असेल तर ती समोर आणता येत नाही. तसा स्पष्ट मेसेज द्या.

खिडकी बंद करूनही "आधीच चालू आहे" येत असेल, तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये बघा. बहुधा कॉम पोर्ट वाचणारा थ्रेड (प्रोसेसमधलं स्वतंत्र चालणारं काम) अडकलेला असतो आणि त्याच्यामुळे प्रोसेस जिवंत राहते. तो थ्रेड बॅकग्राउंड करा आणि खिडकी बंद होतानाच पोर्ट बंद करा.