जुनी काळी सायकल बाजाराच्या ओझ्यासाठी कशी तयार करायची

गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोणकडे बस मिळते हो, पण ती मेन रोडला. वाड्यावरून थांब्यापर्यंत भाजीच्या पिशव्या न्यायच्या कशा हा खरा प्रश्न, आणि रोज पायलट (भाड्याची मोटरसायकल) केला तर मिरच्या विकून उरणार काय? बिहारात २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या, तिथेसुद्धा शाळा ३ किमी किंवा जास्त लांब होती त्या गावांतच मुलींच्या शाळेत जाण्यात मोठा फरक दिसला. म्हणजे मधलं अंतर महत्त्वाचं.

त्यासाठी गियरवाली नको. कोणाच्या तरी पडवीत २८ इंची काळी सायकल गंजत पडलेली असतेच, ती मागून घ्या. गंज वरवरचा असला तर चालतो, पण चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) आणि फ्रेमचे जोड नीट बघा, तिथे बारीक चीर दिसली तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.

पैसे घालायचे ते मागच्या चाकात. ओझं सगळं त्याच्यावर येतं. चाक उचलून फिरवा आणि प्रत्येक तार बोटाने छेडून बघा, ढिली तार बद्द वाजते, घट्ट वाजते ती टणक, बद्दवाल्या जास्त असतील तर सायकलवाल्याला चाकाचा आउट (डगमग) काढून सगळ्या तारा ताणून द्यायला सांगा. टायर नवाच टाका, रंगबिंग नंतर कधीतरी.

कॅरियर सीटखाली नुसता क्लॅम्पवर लटकणारा नको, त्याच्या दांड्या खाली एक्सलच्या नटापर्यंत आलेल्या हव्यात. पोदेराची (सायकलवरून पाव विकणाऱ्याची) सायकल उभी असेल तेव्हा मागून बघा, पावाची टोपली कॅरियरवर कशी घट्ट बसवलेली असते ते. पाव हलके तरी एवढी बांधाबांध, तुमचे तर नारळ! जड माल दोन्ही बाजूंना सारखा आणि खाली लटकवा, पालेभाजी वर. ट्यूबचे जुने तुकडे बांधायला दोरीपेक्षा भारी.

आता ब्रेक. आफ्रिकेत गावांसाठी बफेलो नावाची सायकल देतात, तिचा कॅरियर १०० किलो पेलतो आणि मागचा ब्रेक हबच्या आत असतो, पावसात भिजायचं टेन्शन नाही. आपल्या काळीचे रबर मात्र स्टीलच्या रिमवर घासतात आणि आपल्या पावसात ते लागतच नाहीत म्हटलं तरी चालेल. म्हणून रबर नवे घाला, भिजल्यावर आधी हलका ब्रेक धरून रिमचं पाणी पुसून घ्या, मग जोरात दाबा. उतारावर ओझं असेल तर सरळ खाली उतरून चाला, यात लाज कसली.

चेनला घरचं खाद्यतेल लावू नका, लाल माती चिकटून राप बसतो. मशीनचं तेल दोन थेंब, वरचं फडक्याने पुसायचं, चतुर्थीच्या आधी एकदा छर्रे काढून ग्रीस बदलून घ्या, आणि मागे लाल रिफ्लेक्टर लावल्याशिवाय संध्याकाळी मेन रोडला काढूच नका.