द्राक्षरस नितळ करण्यासाठी पेक्टिनेजचा वापर

तासगाव-पलूस परिसरात द्राक्षरस तयार करणाऱ्या लघुउद्योजकांनी, रस गढूळ राहतो म्हणून नुसत्या गाळण्या बदलत बसण्यापेक्षा, अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळवलेले खाद्य दर्जाचे पेक्टिनेज हे विकर (एन्झाइम) वापरावे. फळातील पेक्टिन हा जेलीसारखा घट्टपणा आणणारा पदार्थ गराचे कण तरंगत ठेवतो. हे विकर त्याचे तुकडे करते आणि कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात.

रस ४५ ते ५० अंश सेल्सिअसवर आणून, विकराची माहितीपत्रकात दिलेली मात्रा थोड्या थंड पाण्यात कालवून त्यात मिसळावी आणि एक ते दोन तास अधूनमधून ढवळावे. तापमान याहून फार चढल्यास विकर निकामी होऊ लागते, म्हणून तापमापी हवाच. बोट बुडवून घेतलेला अंदाज इथे चालत नाही. त्यानंतर परीक्षानळीत एक भाग गाळलेला रस आणि दोन भाग आम्लयुक्त अल्कोहोल घ्यावे. काही मिनिटांत जेलीसारखे तंतू दिसल्यास पेक्टिन शिल्लक आहे असे समजून वेळ वाढवावा. तपासलेला नमुना अर्थातच टाकून द्यावा.

शेवटी रस गाळून ८५ ते ९० अंशांवर तापवल्यास विकर निष्क्रिय होते. बाटलीच्या तळाशी साचणारे टार्टरेटचे (द्राक्षातील आम्लाच्या क्षाराचे) स्फटिक मात्र पेक्टिनेजने जात नाहीत. त्यासाठी बाटलीबंद करण्यापूर्वी रस थंड ठेवून ते खाली बसू द्यावे लागतात.