गटासाठी खुर्च्या आणि प्रोमो कोड: ऑनलाइन तिकीटविक्री कशी लावावी

खान्देशात नाटकाला माणसं गटागटाने येतात. भुसावळची रेल्वे कॉलनी, चोपड्याचं भिशी मंडळ, अमळनेरच्या शाळेतले शिक्षक. त्यांना सवलत हवी असते, पण त्याहून जास्त हवं असतं ते एकत्र बसणं. म्हणून आधी खुर्च्या आणि मग कोड, हा क्रम उलटा करू नका.

तिकीटविक्रीच्या सिस्टिममध्ये प्रयोग, तारीख, दर भरणं कोणालाही जमतं. ते झालं असं धरतो.

खुर्च्या ब्लॉक करण्याआधी, म्हणजे गटासाठी राखून ठेवण्याआधी, आसनांच्या प्लॅनची प्रिंट घेऊन नाट्यगृहात एक चक्कर मारा. काही ठिकाणी एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम नंबर असतात. तिथे १ ते १२ घेतलेत तर निम्मा गट मधल्या वाटेच्या पलीकडे जातो. गटाच्या कडेला एकटी खुर्चीही उरू देऊ नका, ती शेवटपर्यंत विकली जात नाही.

आता कोड. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच पायरीने, आणि चुकीचे सल्लेही इथेच मिळतात. ‘सगळ्या गटांना एकच कोड द्या, २० टक्के सूट ठेवा’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तो कोड संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर होतो आणि पूर्ण पैसे देऊन येणारा प्रेक्षकही सवलतीत बसतो. प्रत्येक गटाचा कोड वेगळाच हवा. तो अख्ख्या प्रयोगाला न लावता फक्त त्या गटासाठी ब्लॉक केलेल्या खुर्च्यांना लावा. कोड टाकला तरच त्या खुर्च्या उघडल्या पाहिजेत.

मग मर्यादा. ‘४० वेळा वापर’ म्हणजे ४० तिकिटं की ४० ऑर्डर, हे प्रत्येक सिस्टिममध्ये वेगळं असतं. ऑर्डर मोजत असेल तर एकेका ऑर्डरमध्ये दहा तिकिटं घेऊन ४०० तिकिटं सवलतीत जाऊ शकतात. अंदाजावर सोडू नका. मर्यादा १ ठेवून चाचणीचा कोड बनवा आणि एकाच ऑर्डरमध्ये दोन तिकिटं घेऊन बघा. दोन्हींवर सूट मिळाली तर ऑर्डर मोजली जातेय. अशा वेळी एका ऑर्डरमध्ये किती तिकिटं घेता येतील याचीही मर्यादा घाला. रुपयांतली सूट असेल तर तीही अशीच तपासा. ५० रुपये सूट ४० तिकिटांच्या ऑर्डरवर एकदाच मिळाली तर ५० रुपये, तिकिटामागे मिळाली तर २०००.

कोड संपण्याची आणि न विकलेल्या खुर्च्या खुल्या होण्याची वेळ एकच ठेवा. कोड आधी संपला तर खुर्च्या अडकून पडतात. मध्यरात्रीची वेळ मुळीच नको. प्रयोग शनिवारी असेल तर बुधवारी संध्याकाळी सहा ठेवा आणि मंगळवारी गटप्रमुखाला फोन करा. मेसेज नाही, फोनच.

कोडमध्ये शून्य आणि ओ, एक आणि आय ही अक्षरं घेऊ नका, कारण निम्मे लोक तो फोनवर ऐकून लिहितात. ‘भाऊ, कोड चालत नाहीये’ असा फोन आला तर आधी विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी करताना मागे मोकळी जागा आली आहे का. दुसरं कारण म्हणजे अर्धवट राहिलेलं यूपीआय पेमेंट. त्या खुर्च्या काही मिनिटं लॉक राहतात आणि काही सिस्टिममध्ये कोडचा वापरही तेवढा वेळ मोजलेला राहतो. थांबून पुन्हा करायला सांगा. घाईने नवा कोड देऊ नका, नाहीतर हिशोब कायमचा बिघडतो.

गटाला रक्कम सांगताना सुविधा शुल्क, म्हणजे ऑनलाइन बुकिंगसाठी तिकिटावर वरून लागणारी रक्कम, धरूनच सांगा. नाटकाच्या तिकिटाला माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी नाही, पण सुविधा शुल्कावर लागतो आणि ऐनवेळी वाढलेल्या रकमेवरून गटप्रमुखालाच बोलणी खावी लागतात.

शेवटचं म्हणजे प्रत्येक तिकिटाचा क्यूआर वेगळा निघेल असं सेटिंग ठेवा. अख्ख्या गटाचा एकच क्यूआर असेल तर तो पहिल्या स्कॅनमध्येच वापरला जातो आणि मागच्या एसटीने आलेले चौघे दारात अडकतात. गटप्रमुखाचं नाव आणि खुर्च्यांचे नंबर लिहिलेला कागद डोअरकीपरकडे द्या.