'कंटेम्प्ट' हा इंग्रजी शब्द कसा वापरावा

'कंटेम्प्ट म्हणजे तिरस्कार' एवढे पाठ करून मोकळे व्हावे, असा सल्ला शिकवणीच्या वह्यांतून सर्रास दिला जातो आणि तो निम्माच खरा आहे. मराठीत आपण कारल्याच्या भाजीपासून जुलमी राजापर्यंत कशाचाही तिरस्कार करू शकतो. कंटेम्प्टमध्ये मात्र समोरचा आपल्याहून हलका आहे, दखल घेण्याच्याही लायकीचा नाही, ही भावना असावीच लागते. म्हणून वाक्य लिहायला घेण्यापूर्वी आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे ते ठरवावे. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या दुकानात गिऱ्हाइकाने शालूचा भाव विचारावा आणि दुकानदाराने मोबाइलवरची नजरही न उचलता 'तुम्हाला नाही परवडायचा' म्हणावे, यात द्वेषाचा लवलेश नसतो, पण कंटेम्प्ट पुरेपूर असतो. ज्याची धास्ती वाटते अशा वैऱ्याबद्दल लिहायचे असेल तर 'हेट्रेड' घ्यावा.

कंटेम्प्ट हे नाम आहे. 'ही कंटेम्प्टेड मी' असे वाक्य इंग्रजीत होत नाही. क्रियापद हवे असल्यास 'डिस्पाइज' वापरावे किंवा 'होल्ड इन कंटेम्प्ट' ही पूर्ण रचना घ्यावी. ज्याला तुच्छ लेखले, त्याच्याआधी 'फॉर' लिहावे. उच्चारात 'ट'च्या आधीचा 'प' जेमतेम ऐकू येतो.

सर्वांत जास्त घोळ होतो तो विशेषणांपाशी. 'कंटेम्प्च्युअस' आणि 'कंटेम्प्टिबल' हे दोन शब्द एकाच नामापासून निघाले असले तरी त्यांची तोंडे परस्परविरुद्ध दिशांना आहेत. जो दुसऱ्याला तुच्छ लेखतो तो कंटेम्प्च्युअस. जो स्वतः तुच्छ लेखण्याच्या लायकीचा आहे तो कंटेम्प्टिबल. हे दोन्ही शब्द समानार्थी म्हणून एकाच ओळीत देणाऱ्या याद्या मी विद्यार्थ्यांना सरळ खोडायला लावतो. स्पेलिंगवरून लक्षात ठेवण्याच्या क्लृप्त्याही सांगितल्या जातात, पण त्या परीक्षेच्या खोलीत हमखास दगा देतात.

मराठी माणसाला त्यांची गरजही नाही, कारण 'अनीय' हा प्रत्यय आपल्या जिभेवर आधीपासूनच आहे. वंदनीय माणूस वंदन करत नाही, त्याला वंदन केले जाते. निंदनीय कृत्य कोणाची निंदा करत नाही, त्याची निंदा होते. त्याच चालीवर कंटेम्प्टिबल म्हणजे तिरस्करणीय. वाक्यात 'तिरस्करणीय' घालून पाहावे. अर्थ बसला तर कंटेम्प्टिबल, नाही तर कंटेम्प्च्युअस. १९१४ साली जर्मन सम्राटाने ब्रिटिश फौजेला कंटेम्प्टिबल म्हटल्याची वदंता पसरली, तेव्हा त्या शिपायांनी चिडण्याऐवजी 'ओल्ड कंटेम्प्टिबल्स' हेच बिरूद मिरवायला सुरुवात केली. शिवी ज्याला बसते, विशेषणही त्यालाच लागते, हे या उदाहरणावरून पक्के व्हावे.

तक्रार-अर्जात तर हा फरक अंगाशी येऊ शकतो. अधिकारी आपल्याशी तुच्छतेने वागला, असे सांगायचे असते आणि अर्जदार लिहितो, 'द ऑफिसर वॉज कंटेम्प्टिबल'. म्हणजे तक्रार बाजूलाच राहते आणि अधिकाऱ्याला नीच म्हटल्याचा पुरावा स्वतःच्या सहीनिशी दाखल होतो. तेथे 'हिज मॅनर वॉज कंटेम्प्च्युअस' एवढेच पुरते. आणखी एक खोच अशी की नामापुढे 'फॉर' येत असला तरी कंटेम्प्च्युअसपुढे 'ऑफ' येतो: 'कंटेम्प्च्युअस ऑफ द रूल्स'.

कोर्टाच्या संदर्भात नामापुढेही 'ऑफ'च लागतो: 'कंटेम्प्ट ऑफ कोर्ट'. बडोद्याच्या मुलांची येथे वेगळी पंचाईत होते. गुजराती वृत्तपत्रांत 'कोर्टनो तिरस्कार' वाचण्याची सवय असल्यामुळे ती मराठीतही 'कोर्टाचा तिरस्कार' लिहितात, आणि मग एखाद्याला कोर्टाचा वीट आला आहे असे वाटू लागते. मराठीत 'न्यायालयाचा अवमान' लिहावे. १९७१ च्या कायद्यानुसार हुकूम जाणूनबुजून न पाळणे हा दिवाणी अवमान, तर न्यायालयाची बदनामी करणे किंवा कामकाजात अडथळा आणणे हा फौजदारी अवमान ठरतो. कोणाच्या मनात न्यायाधीशांविषयी काय भावना आहे, याची चौकशी त्यात होत नाही. ज्या बडोदे संस्थानाने १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला 'सयाजी शासन शब्द कल्पतरू' सिद्ध केला, तेथे तरी भाषांतरात एवढा काटेकोरपणा पाळायला हरकत नसावी.

तुच्छता तोंडाने बोलून दाखवली, हेटाळणी केली, तर 'स्कॉर्न' अधिक चपखल बसतो. नाक मुरडून दूर राहण्याला 'डिसडेन' पुरतो. 'फॅमिलिॲरिटी ब्रीड्स कंटेम्प्ट' या म्हणीचे भाषांतर करत बसू नये. तेथे 'अतिपरिचयादवज्ञा' लिहून पुढच्या वाक्याकडे वळावे.