घानाच्या राजकीय पक्षांचा इतिहास लिहिताय? या चुका टाळा

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे 1992 पासून सुरुवात करणे. चौथे प्रजासत्ताक 7 जानेवारी 1993 ला अस्तित्वात आले, म्हणून घानाची लोकशाही तरुण. पक्षांची घराणी मात्र स्वातंत्र्याच्याही आधीची आहेत. 4 ऑगस्ट 1947 ला सॉल्टपाँड इथे यूजीसीसी (युनायटेड गोल्ड कोस्ट कन्व्हेन्शन) ही राजकीय संघटना स्थापन झाली. तिचे सरचिटणीस म्हणून बोलावलेल्या क्वामे एन्क्रुमांनी 12 जून 1949 ला अक्रात वेगळी चूल मांडली, ती सीपीपी (कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी). डान्क्वा-बुसिया (यूजीसीसीच्या बाजूच्या दोन नेत्यांच्या नावाची) आणि एन्क्रुमा या दोन परंपरांची फारकत इथली. हे सोडले, तर डान्क्वा-बुसिया परंपरेतल्या आजच्या एनपीपीचे (न्यू पॅट्रिऑटिक पार्टी) नेते 1940 च्या दशकातल्या माणसांची नावे का घेतात, हे कळत नाही.

दुसरी चूक: नाव बदलले की नवा पक्ष मानणे. घानात पक्ष हरल्यामुळे जितके संपले, त्याहून जास्त बंदीमुळे संपले. 1957 च्या कायद्याने वंश, प्रांत आणि धर्मावर उभ्या पक्षांना मनाई झाली. मग अशांती भागातली एनएलएम (नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट), उत्तरेतला पक्ष आणि इतर विरोधक युनायटेड पार्टीत एकत्र आले. 1964 मध्ये सीपीपी हा एकमेव कायदेशीर पक्ष उरला. 24 फेब्रुवारी 1966 च्या लष्करी उठावानंतर तोही बेकायदा ठरला. 1969 ला बुसियांच्या प्रोग्रेस पार्टीने 140 पैकी 105 जागा घेतल्या, पण जानेवारी 1972 च्या उठावाने तिचाही खेळ आटोपला. 1992 मध्ये बंदी उठली तरी जुनी नावे आणि चिन्हे वापरायला परवानगी नव्हती. म्हणून तक्ता करताना पक्षाचे नाव, स्थापना, बंदीची तारीख आणि परंपरा असे चार रकाने ठेवा. चौथा रकाना नसेल तर वंशावळ तुटते.

आद्याक्षरांनी तर भलेभले फसतात. 1954 ची एनपीपी म्हणजे उत्तरेतली नॉर्दर्न पीपल्स पार्टी. 1992 ची एनपीपी म्हणजे न्यू पॅट्रिऑटिक पार्टी. पहिलीचे नेते डोम्बो यांना दुसरी आपल्या पूर्वजांत मानते, त्यामुळे गोंधळ वाढतो. पीएनपी हा 1979 ला सत्तेवर आलेला हिल्ला लिमान यांचा पक्ष, पीएनसी हा त्यांचाच 1992 चा पक्ष, आणि पीएनडीसी हा पक्षच नव्हे: 31 डिसेंबर 1981 ला लिमान सरकार उलथवून लष्करी अधिकारी जेरी रॉलिंग्ज यांनी आणलेली ती लष्करी राजवट. प्रत्येक संक्षेपापुढे वर्ष लिहा, निम्मे घोटाळे तिथेच मिटतात.

एनडीसीला (नॅशनल डेमोक्रॅटिक काँग्रेस, एनपीपीची मुख्य प्रतिस्पर्धी) एन्क्रुमांची वारस म्हणणेही चुकीचे. ती रॉलिंग्ज यांच्या राजवटीतून निघाली, आणि त्या राजवटीने पाडलेले सरकार एन्क्रुमावादी होते. पुढे मात्र एन्क्रुमावादी घरांतली बरीच माणसे तिच्यात आली. एनडीसीचे नेते जॉन महामा यांचे वडील एन्क्रुमांच्या सरकारात मंत्री होते. दोन्ही गोष्टी सांगा, एकच सांगू नका.

मग जमातीवर सगळे ढकलण्याचा मोह. अशांती एनपीपीचा आणि व्होल्टा एनडीसीचा, हे खरेच. पण निकाल ठरतात ते इतरत्र. सेंट्रल प्रांत 2004 ला एनपीपीकडे, 2008 ला एनडीसीकडे, 2016 ला पुन्हा एनपीपीकडे गेला. 2008 ची दुसरी फेरी इतकी अटीतटीची होती की निर्णय टेन या एका मतदारसंघावर येऊन थांबला. तिथले मतदान 2 जानेवारी 2009 ला झाले. एनडीसीचे मिल्स 50.23 टक्के मतांनी जिंकले. फरक सुमारे 40 हजार मतांचा. जमातीच्या गणिताने टेनचे महत्त्व समजत नाही, मतदारसंघवार आकड्यांनी समजते.

शेवटची चूक किरकोळ वाटते, पण निष्कर्षच उलटवते: अध्यक्षपद आणि संसद यांचे निकाल एकत्र वाचणे. 1992 मध्ये एनपीपीने 3 नोव्हेंबरची अध्यक्षीय निवडणूक लढवली, गैरप्रकाराचा आरोप केला आणि 29 डिसेंबरच्या संसदीय निवडणुकीवर बहिष्कार टाकला. एनडीसीला 200 पैकी 189 जागा मिळाल्या. त्या आकड्यावरून पक्षाचे बळ काढाल तर तोंडघशी पडाल, कारण अध्यक्षपदाच्या लढतीत रॉलिंग्ज यांना सुमारे 58 टक्के मते होती. 2020 ला तर एनपीपीचे अकुफो-अॅडो अध्यक्षपदी निवडून आले, संसद मात्र 137-137 अशी दुभंगली, एक अपक्ष उरला, आणि सभापतिपद विरोधी एनडीसीच्या अल्बन बॅगबिन यांच्याकडे गेले.