गणपतीला गावी निघण्याआधी: घरच्या कॉम्प्युटरवर हालचाल टिपणारा कॅमेरा

घरात हालचाल दिसली की फोनवर फोटो पाठवणारा कॅमेरा लावायचं काम निघण्याच्या आदल्या रात्री काढू नका. ‘मोशन’ नावाचं सॉफ्टवेअर टाकायला अर्धा तास पुरतो, पण घरातली कुठली हालचाल खरी आणि कुठली फुकटची हे त्याला शिकवायला आठवडा लागतो. त्या आठवड्यात एक वाऱ्याची संध्याकाळ, एकदा लाइट जाणं आणि दोन-तीन रात्री यायला हव्यात. नाहीतर कोकणात पोचल्यावर पहिल्याच दिवशी फोनवर तीसेक फोटो येतात, सगळ्यांत पडदा हललेला असतो, आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही फोटो उघडून बघणंच सोडून देता. मग कॅमेरा असून नसल्यासारखाच.

आधी मशीन ठरवा. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 जुने प्रोसेसर घेत नाही, त्यामुळे बऱ्याच घरांत धडधाकट कॉम्प्युटर नुसते पडून आहेत. या कामाला ते पुरतात. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टिम टाका, तिचे प्रकार डेबियन, उबुंटू, मिंट, जे जमेल ते. डेस्कटॉप घ्यायचा की लॅपटॉप, याचा निर्णय मात्र तुमच्याकडे लाइट कशी जाते त्यावर करा. पाच-दहा मिनिटांसाठी जात असेल तर लॅपटॉप बरा, त्याची बॅटरी हाच यूपीएस. चार-चार तास जात असेल तर डेस्कटॉप, कारण बॅटरी संपून बंद पडलेला लॅपटॉप बहुधा लाइट आल्यावर आपला आपण चालू होत नाही. डेस्कटॉपला मात्र बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) सांगता येतं की वीज आली की सुरू हो. ती सेटिंग ‘एसी पॉवर लॉस’ अशा काहीशा नावाखाली असते, ती ‘पॉवर ऑन’वर ठेवा. मग मशीन नीट शटडाउन करून भिंतीवरचं बटण बंद करा, मिनिटभराने चालू करा आणि हात न लावता कॅमेऱ्यापर्यंत सगळं सुरू होतंय का बघा. डिस्कला पासवर्ड लावला असेल तर मशीन तिथेच वाट बघत बसेल, हे याच वेळी कळतं.

लॅपटॉप घेणार असाल तर आधी तो उलटा करून बॅटरी तपासा. तळ फुगलाय, टचपॅड वर आलाय, टेबलावर ठेवला की डुगडुगतो, यातलं काहीही दिसलं तर तो लॅपटॉप बंद घरात चार्जिंगला लावून जायचा नाही. चोरापेक्षा ते जास्त धोक्याचं आहे. बॅटरी ठीक असेल तर स्लीप बंद करा, झाकण मिटल्यावर काही करू नकोस असं सेटिंगमध्ये सांगा, पंख्याच्या जाळीतली धूळ काढा. स्क्रीन बंद झाली तर चालेल.

आता मेन स्विच. आपल्याकडे गावाला निघताना गॅसचा कॉक आणि लाइटचा मेन बंद करणं हे कुलूप लावण्याइतकंच पक्कं असतं. तुम्ही सगळं जुळवून ठेवाल आणि निघताना बाबा सवयीने मेन खाली पाडतील, म्हणून हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवायचं. एमसीबीच्या डब्यात कोणता खटका कुठला, हे एकेक पाडून बघा. कॉम्प्युटर आणि राउटर ज्या सर्किटवर आहेत तेवढं चालू ठेवा, गिझर, वॉशिंग मशीन, एसी यांचे खटके खाली. चालू ठेवायच्या खटक्याशेजारी चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने लिहा. पावसाळ्यात विजा चमकल्या की काही घरांत ईएलसीबी (वीज गळती झाली की पडणारा खटका) पडतो आणि तो हाताने उचलल्याशिवाय लाइट येत नाही. किल्ली ज्यांच्याकडे देणार त्यांना तो खटका दाखवून ठेवा. डेस्कटॉप असेल तर 600 व्हीएचा साधा यूपीएस थोडा वेळ काढतो. इंटरनेटचा विचार वेगळा करावा लागतो: राउटर आणि फायबरचा छोटा डबा हे दोन्ही चालू राहिले तरच नेट राहतं. बाजारात 12 व्होल्टचे छोटे राउटर-यूपीएस मिळतात. घेताना दोन्ही डब्यांच्या अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. बिलाची चिंता असेल तर हिशेब सोपा आहे: सत्तर वॅट खाणारा डेस्कटॉप दिवसाला साधारण पावणेदोन युनिट खातो, लॅपटॉप त्याच्या चौथाईच्या आसपास.

कॅमेरा साधा यूएसबी वेबकॅम असला तरी चालतो. लांब वायर घेणार असाल तर लक्षात ठेवा, यूएसबी 2 ची साधी केबल पाच मीटरच्या पुढे भरवशाची नाही. कॅमेरा दाराच्या समोर लावायचा मोह होतो, पण तो जरा बाजूला लावा, दारातून आत येणारा माणूस कॅमेऱ्याच्या चौकटीत आडवा जाईल असा. हे सॉफ्टवेअर आधीचं चित्र आणि आताचं चित्र यांतला फरक मोजतं. आडव्या जाणाऱ्या माणसाने जास्त पिक्सेल बदलतात, सरळ कॅमेऱ्याकडे येणाऱ्याने सुरुवातीला फार कमी. उंची चेहऱ्याच्या आसपास ठेवा. कपाटाच्या डोक्यावरून नुसतं टक्कल दिसतं. खिडकीकडे तोंड नको, बाहेरच्या उजेडापुढे माणूस काळा ठिक्कर येतो. कॅमेऱ्याच्या दिव्यावर चिकटपट्टी लावा, शोकेसच्या काचेत तो लुकलुकतो.

रात्रीसाठी एक एलईडी चालू ठेवा. साध्या वेबकॅमला अंधारात दिसत नाही. तो उजेड गोळा करायला प्रत्येक फ्रेमला, म्हणजे एकेका चित्राला, जास्त वेळ घेतो, मग चेहरे पुसट येतात आणि चित्रात मुंग्या नाचतात. दिवा कॅमेऱ्यापासून लांब, दाराजवळ ठेवा, कारण पावसाळ्यात दिव्याभोवती पाकोळ्या येतात, पाकोळ्यांमागे पाल येते, आणि लेन्सपुढून दोन इंचांवरून गेलेली पाकोळी सॉफ्टवेअरला माणसाएवढी दिसते. कोळी तर लेन्सच्या कोपऱ्यातच जाळं विणतो. निघायच्या दिवशी ती जागा कोरड्या फडक्याने झाडून घ्या.

सॉफ्टवेअर म्हणजे ‘मोशन’. जुनं, फुकट, दिसायला काहीच नाही, पण वर्षानुवर्षं टिकून आहे. लिनक्सच्या भांडारातून टाका, सर्व्हिस म्हणून (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) सुरू ठेवा, मशीन चालू झालं की तेही आपोआप सुरू झालं पाहिजे. फोटो ठेवायचं फोल्डर तपासा: ‘मोशन’ आपल्याच नावाच्या वेगळ्या युजरखाली चालतं, तुमच्या होम फोल्डरमध्ये त्याला लिहिता येत नाही. सगळं बरोबर दिसतं आणि एकही फोटो मिळत नाही, तेव्हा बहुतेक हेच कारण असतं. त्याच मशीनच्या ब्राउझरमध्ये पत्त्याच्या जागी localhost:8081 टाकलं की चित्र दिसतं. ते बाहेरून दिसत नाही, आणि तसंच राहू द्या.

खरं काम आता. ‘थ्रेशोल्ड’ म्हणजे किती पिक्सेल बदलले की हालचाल धरायची तो आकडा. आयता येतो तो 1500. चित्र 640 बाय 480 असेल तर एकूण पिक्सेल 3,07,200, म्हणजे 1500 हे जेमतेम अर्धा टक्का. पडद्याची झालरसुद्धा तेवढी हलते. चित्र 1280 बाय 720 केलंत तर पिक्सेल तिप्पट होतात, मग हा आकडाही तिप्पट करायला हवा, नाहीतर कॅमेरा आणखी हळवा होऊन बसतो. अंदाजाने आकडे टाकू नका. ‘टेक्स्ट चेंजेस’ ही सेटिंग चालू केली की चित्राच्या कोपऱ्यात बदललेल्या पिक्सेलचा आकडा पळताना दिसतो. तो बघत बसा. खोली रिकामी ठेवून दुपारी किती, रात्री एलईडीवर किती, वारा सुटल्यावर किती, हे कागदावर लिहा. मग घरातल्या कुणाला तरी बाहेरून दार उघडून आत यायला सांगा, एकदा सरळ, एकदा भिंतीच्या कडेने वाकून. घरातला सर्वात लहान पण चालता-बोलता माणूस या कामाला उत्तम, आणि त्याला मजाही येते. रिकाम्या खोलीचा मोठ्यात मोठा आकडा आणि माणसाचा लहानात लहान आकडा यांच्या मधला आकडा थ्रेशोल्डला द्या. दोघांत अंतरच उरत नसेल तर आकड्याशी झगडू नका, कॅमेऱ्याची जागा बदला.

मग रोजच्या फुकट हालचाली एकेक करून काढा. छताचा पंखा बंद, रेग्युलेटरवर नाही, बटणाने. पडदे गोळा करून बांधा. कॅलेंडर भिंतीवरून काढा, फटीतून आलेल्या वाऱ्याने त्याची पानं रात्रभर फडफडतात. देव्हाऱ्यातला लुकलुकणारा इलेक्ट्रिक दिवा चौकटीत येत असेल तर बंद करा. देव रागावणार नाहीत, तेही गावच्या मखरात गेलेले असतात. जे हलवता येत नाही, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांचा उजेड पडणारी भिंत किंवा खिडकीचा तुकडा, ते मास्कने, म्हणजे ‘इथे बघू नकोस’ सांगणाऱ्या चित्राने, झाका. कॅमेऱ्याचं एक चित्र घ्यायचं, जिथे बघायचं नाही तो भाग काळा, बाकीचं पांढरं करायचं, नेमक्या त्याच मापाची पीजीएम (एक साधा चित्रप्रकार) फाइल करून तिचं नाव सेटिंगमध्ये द्यायचं. जिंप या फुकट चित्र-संपादकात दहा मिनिटांचं काम.

ट्यूबलाइटखाली चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर कॅमेरा 60 हर्ट्झवर आहे, तो 50 वर आणा. आपली वीज 50 हर्ट्झची. लाइट जाऊन-येऊन अख्खी चौकट बदलते त्यासाठी ‘लाइटस्विच पर्सेंट’ आहे: एवढे टक्के चित्र एकदम बदललं तर ती हालचाल धरू नकोस. सुरुवातीला ते बंद असतं. पन्नासच्या आसपास ठेवून बघा. त्यानंतरच्या मोजक्या फ्रेम सोडून कॅमेरा पुन्हा बघायला लागतो, त्यामुळे चोराने दिवा लावला म्हणून तो सुटत नाही. सलग किती फ्रेममध्ये हालचाल दिसायला हवी तो आकडा एकवरून तीन-चार करा, उडत्या पाकोळ्या बऱ्याच गळतात.

फोटो घराबाहेर जायलाच हवा. आत शिरणारा माणूस कॉम्प्युटरही उचलून नेऊ शकतो, मग त्यातले फोटो त्याच्याच घरी. शिवाय बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना आता स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता (बाहेरून थेट पोचता येईल असा) नसतो, त्यामुळे गावाहून घरच्या राउटरवर शिरायचे जुने उपाय चालत नाहीत. उलटं करा: घरच्या मशीननेच फोटो पाठवावा. टेलिग्रामचा बॉट (आपोआप निरोप पाठवणारं खातं) हा सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग. बॉट तयार करा, त्याचा टोकन (गुप्त किल्ली) कुणाला देऊ नका, आणि फोटो जतन झाला की तो पाठवणारी एक ओळ ‘मोशन’च्या सेटिंगमध्ये घाला. व्हिडिओ घरीच राहू दे. गावात आंब्याच्या झाडाखाली जाऊन रेंज पकडायची असेल तर छोटा फोटो पोचतो, व्हिडिओ नुसता गोल गोल फिरतो.

इथे एक खाच आहे. ‘पिक्चर आउटपुट’ला ‘बेस्ट’ दिलं तर हालचालीतला सगळ्यात भरघोस फोटो मिळतो, पण तो घटना संपल्यावर. आणि ‘इव्हेंट गॅप’, म्हणजे किती वेळ शांतता असली की घटना संपली धरायची तो काळ, साठ सेकंदांचा असेल तर हालचाल थांबल्यावर मिनिटभराने. माणूस घरभर फिरत बसला तर त्याहून उशिरा. ‘फर्स्ट’ दिलं तर लगेच येतो, पण कधी कधी त्यात नुसतं उघडलेलं दार असतं. माझं मत ‘फर्स्ट’ला, आणि गॅप वीस सेकंदांवर.

जुन्या फायली ‘मोशन’ स्वतः पुसत नाही. रोज एकदा आठवड्यापेक्षा जुनं काढून टाकणारी ओळ क्रॉनमध्ये (लिनक्सचं ठरल्या वेळी काम करणारं वेळापत्रक) घाला. जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल संपला असेल तर लाइट गेल्यावर घड्याळ मागे जातं आणि नेट येईपर्यंत फोटोंवर भलत्याच तारखा पडतात. सेल स्वस्त आहे, बदलून टाका.

माणसांचं राहिलं. कॅमेरा आपल्या दाराच्या आत असावा, समोरच्यांच्या दारावर रोखलेला नसावा. जिन्यात लावायचा तर सोसायटीला विचारून. तुळशीला पाणी घालायला येणाऱ्या काकूंना आणि कामाच्या मावशींना सरळ सांगा की कॅमेरा आहे आणि तो कुठे आहे. लपवून ठेवाल आणि मग त्यांना कळेल, तर जे बिघडेल ते सेटिंग बदलून नीट होत नाही. काकूंची यायची वेळ विचारून ठेवा, म्हणजे सकाळी साडेआठचा फोटो बघून तुमच्या काळजाचं पाणी पाणी होणार नाही. आणि खरंच अनोळखी माणूस दिसला तर कुणाला फोन करायचा हेही आताच ठरवा: आधी वॉचमन, मग 112. काकूंना एकट्याने बघून यायला सांगायचं नाही.

निघण्याच्या दिवशी सगळ्यांच्या चपला पायात गेल्यावर एकाने शेवटचं बाहेर पडावं आणि कुलूप लावून जिन्यातच थांबावं. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर फोटो आला का बघा. आला तर रिक्षा बोलवा. नाही आला तर आत जाऊन आधी तो एमसीबीचा खटका बघा.