कॅम्पिलोबॅक्टर: ‘निगेटिव्ह’ लिहिण्याआधी या चुका टाळा

कॅम्पिलोबॅक्टर म्हणजे माणसांत जुलाब आणि जनावरांत गर्भपात घडवणारा जीवाणू; प्रयोगशाळेत तो प्लेटवर वाढवून शोधतात. त्याचा निगेटिव्ह रिपोर्ट समोर आला की मी आधी विचारते: जंतू नव्हताच, की तुम्हीच मारलात? आतड्यात तो सुखाने नांदतो, पण बाहेरच्या हवेत त्याचे हाल होतात. त्याला ऑक्सिजन लागतो, पण जेमतेम ५ टक्के. हवेत असतो २१ टक्के.

म्हणूनच मेणबत्तीच्या जारचा जुगाड (प्लेटांसोबत पेटती मेणबत्ती ठेवून बंद केलेली बरणी) मला बघवत नाही. मेणबत्ती विझली म्हणजे आतला ऑक्सिजन संपला, अशी नवशिक्यांची ठाम समजूत असते. विझल्यावरही १६-१७ टक्के उरतोच. याउलट काहीजण जारमध्ये ॲनेरोबिक (ऑक्सिजन पार शोषून घेणारं) पाकीट टाकून मोकळे होतात. तिथे ऑक्सिजनच नाही, मग जंतू वाढणार कसा? मायक्रोएरोफिलिक (थोडाच ऑक्सिजन ठेवणारं) पाकीटच वापरा: ५ टक्के ऑक्सिजन, १० टक्के कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन. पाकीट महाग पडतं हे मान्य, पण चुकीचा रिपोर्ट त्याहून महाग.

दुसऱ्याच दिवशी सकाळी जार उघडून डोकावणारे तर प्रत्येक बॅचमध्ये सापडतात. ४८ तास हात लावू नका. काही दिसलं नाही तर ७२ तासांपर्यंत थांबा. मी जारवर लावल्याची आणि उघडण्याची वेळ मोठ्या अक्षरात लिहून चिकटवते, म्हणजे उत्साही मंडळींना आवर बसतो. १९८२ मध्ये जठरातल्या एका जंतूचा शोध घेणाऱ्या मार्शल आणि वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांच्या प्लेटा दोन दिवसांनी फेकल्या जात होत्या. ईस्टरच्या सुट्टीत त्या जास्त दिवस राहिल्या, तेव्हा कुठे तो जंतू उगवला. आज त्याला हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. तेव्हा त्याची गणना कॅम्पिलोबॅक्टरमध्येच झाली होती.

कॅम्पिलोबॅक्टरच्या सगळ्या प्रजातींना सरसकट ४२ अंश सेल्सिअसवर ठेवू नका. जेजुनी आणि कोलाय तिथे खुशाल वाढतात, पण गाई-मेंढ्यांच्या गर्भपातामागच्या ‘फीटस’ या प्रजातीला ३७ अंश लागतात.

ग्रॅम स्टेनमध्ये (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या पद्धतीत) सॅफ्रॅनिन या नेहमीच्या रंगाने हा जंतू इतका फिकट दिसतो की नजरेतून सुटतो. त्याऐवजी कार्बोल फुक्सिन हा रंग घ्या.

आता वळूचं प्रकरण. एका मोठ्या गोठ्यात गाई सारख्या उलटत होत्या, म्हणजे भरवूनही पुन्हा माजावर येत होत्या, आणि तेही नेहमीच्या २१ दिवसांनी नाही, कधी तीस तर कधी चाळीस दिवसांनी. गर्भ राहून लवकर मरत असल्याची ही खूण आहे. पण तिथे खनिज मिश्रण बदललं गेलं, हार्मोनची इंजेक्शनं झाली, माज ओळखणाऱ्या गड्याला बोलणी बसली. वळूवर कुणाचा संशय नाही, कारण तो धडधाकट, वीर्य उत्तम आणि फाइलमध्ये निगेटिव्ह रिपोर्ट. चौकशी केल्यावर कळलं की त्याच्या प्रेप्युसची (लिंगावरच्या कातडीच्या आवरणाची) धुलाई, म्हणजे तपासणीचा नमुना, साध्या सलाइनमध्ये भरून अर्धा दिवस गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात फिरली होती. त्यात काय जगणार? योग्य ट्रान्सपोर्ट माध्यमातून (वाटेत जंतू जिवंत ठेवणाऱ्या द्रवातून) नवा नमुना मागवला आणि फीटसचा व्हेनेरियालिस हा उपप्रकार प्लेटवर उभा राहिला.

या रोगात वळूला काहीच होत नाही, तो फक्त समागमातून गाईंना जंतू वाटत सुटतो. गाई बहुधा काही महिन्यांत त्यातून सावरतात. प्रौढ वळू मात्र वर्षानुवर्षं वाहक राहू शकतो, कारण वयाबरोबर तिथल्या कातडीच्या घड्या खोल होतात. एका निगेटिव्हवर मी वळूला सोडत नाही; आठवड्याच्या अंतराने तीन नमुने मागते. लोक कुरकुरतात. कुरकुरू द्या.

माणसांच्या बाबतीत: कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांनी ओटाभर जंतू पसरतात. सुमारे ५०० जंतूंनीही माणूस आजारी पडू शकतो. न तापवलेलं दूध पिऊ नका. जुलाब होणाऱ्या कुत्र्याच्या पिल्लाला हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

जुलाब लागले की स्वतःच सिप्रोफ्लॉक्सासिन गिळणाऱ्यांना काय सांगावं? बहुतेक रुग्ण आठवड्याभरात आपोआप बरे होतात आणि या औषधाला दाद न देणारे कॅम्पिलोबॅक्टर आता सर्रास सापडतात. खरंच प्रतिजैविक लागलं, तर डॉक्टर सहसा अझिथ्रोमायसिनकडे वळतात.

जुलाब थांबल्यावर एक ते तीन आठवड्यांत पायांत मुंग्या येऊन अशक्तपणा वर चढू लागला, तर लगेच रुग्णालय गाठा. तो गियाँ-बारे सिंड्रोम (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते तो आजार) असू शकतो. तोवर शौचाच्या तपासणीत जंतू अनेकदा सापडत नाही, म्हणून मागे जुलाब झाले होते हे डॉक्टरांना आपणहून सांगा.